न केलेली सही : मिझुहो फुकुशिमा आणि जपानी समाजवाद्यांची कसोटी



मंत्रिपद मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात हे सांगण्यास कोणा अभ्यासकाची गरज नाही. मिळालेले मंत्रिपद राखण्यासाठी काय काय करतात, हेही सर्वांस ठाऊक आहे. मंत्रिपद जाणार हे स्पष्ट दिसत असताना एका कागदावर सही करण्यास नकार द्यावा, ही गोष्ट मात्र कोणत्याही देशाच्या राजकारणात विरळाच. २८ मे २०१० रोजी टोकियोमध्ये ती घडली. जपानच्या मंत्रिमंडळात ग्राहकव्यवहार, अन्नसुरक्षा आणि स्त्रीपुरुष समता ही खाती सांभाळणाऱ्या मिझुहो फुकुशिमा यांनी ओकिनावातील अमेरिकी लष्करी तळासंबंधीच्या निर्णयावर सही करण्याचे नाकारले. पंतप्रधान युकिओ हातोयामा यांनी त्यांना त्याच दिवशी बडतर्फ केले. दोन दिवसांनी त्यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष सरकारमधून बाहेर पडला, आणि आणखी तीन दिवसांनी, २ जून रोजी, खुद्द हातोयामांनाच पद सोडत असल्याचे जाहीर करावे लागले.

हकीकत एवढीच असती तर तिचे कौतुक करून थांबता आले असते. परंतु सत्ता सोडणारा तो पक्ष त्यानंतर वाढला नाही. तो आटतच गेला. म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी या हकीकतीकडे केवळ आदराने पाहून भागणार नाही. तत्त्वासाठी सत्ता सोडणे हे पक्षाचे कर्तव्य की पक्षाचा आत्मघात, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर फुकुशिमा यांची सारी वाटचाल आणि तिच्यामागचा जपानी समाजवादी चळवळीचा इतिहास, दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

न्यायालयाची वाट

फुकुशिमा यांचा जन्म २४ डिसेंबर १९५५ चा, क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका येथला. आसाही कासेई या रसायन-उद्योगाच्या कारखान्यांभोवती वाढलेले हे शहर. त्यांचे जन्मवर्ष जपानी राजकारणात एका व्यवस्थेचे नाव होऊन बसले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात समाजवादी पक्षाचे फुटलेले दोन गट एकत्र आले आणि नोव्हेंबरात दोन परंपरावादी पक्षांनी मिळून लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. परंपरावाद्यांनी राज्य करावे आणि समाजवाद्यांनी विरोध करावा, अशी ‘पंचावन्नची व्यवस्था’ त्यानंतर ३८ वर्षे चालली.

टोकियो विद्यापीठातून कायद्याची पदवी त्यांनी १९८० साली घेतली. त्या काळात जपानमध्ये वकिलीची राष्ट्रीय परीक्षा ही एक कठोर चाळणीच होती. दरवर्षी वीस हजारांहून अधिक उमेदवार बसत आणि सुमारे ५०० उत्तीर्ण होत. फुकुशिमा १९८४ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि १९८७ मध्ये वकील म्हणून त्यांची नोंदणी झाली. जपानी स्त्रिया प्रत्यक्ष वकील होऊ लागून तेव्हा अर्धे शतकही झाले नव्हते. १९३३ च्या दुरुस्तीपूर्वी वकील होण्याचा हक्क कायद्याने केवळ पुरुषांना होता, आणि पहिल्या तीन स्त्रिया वकील झाल्या त्या १९४० साली. युद्धानंतर १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने १४ व्या कलमात कायद्यापुढील समता आणि २४ व्या कलमात कुटुंबातील स्त्रीपुरुष समता मान्य केली. या २४ व्या कलमाच्या मसुद्यामागे बेआते सिरोता या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणीचा हात होता, ही गोष्ट पुढे जगाला कळली.

घटनेत समता आली. कारखान्यात, कचेरीत आणि घरात ती पोचली नाही. १९८५ साली संमत झालेल्या समान रोजगारसंधीच्या कायद्याने भरती आणि बढतीच्या बाबतीत मालकांना केवळ ‘प्रयत्न’ करावयास सांगितले होते. भेदभावास सरळ मनाई करणारी दुरुस्ती १९९७ साली झाली. कामाच्या ठिकाणी स्त्रीची होणारी लैंगिक छळणूक ओळखण्यास तर जपानी भाषेत शब्दच नव्हता. तो १९८९ मध्ये परकी भाषेतून आला आणि त्या वर्षीच्या गाजलेल्या नव्या शब्दांत त्याची गणना झाली. १९९२ मध्ये फुकुओका येथील न्यायालयाने अशा छळाबद्दल नुकसानभरपाईचा निर्णय दिला. स्त्री-वकिलांची जी पिढी या लढ्यांतून घडली, त्या पिढीच्या फुकुशिमा. आशियातील गरीब देशांतून कामासाठी येऊन अडचणीत सापडलेल्या स्त्रिया, विवाहबाह्य मुले, घटस्फोटिता ही त्यांची अशिले होती.

विवाहासंबंधीच्या कायद्याशी त्यांचा झगडा तर घरापर्यंत पोचलेला होता. जपानच्या दिवाणी संहितेचे ७५० वे कलम पतिपत्नींना एकच आडनाव घेणे भाग पाडते. कोणाचे घ्यावे हे कायदा सांगत नाही. तरीही शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जोडप्यांत नाव बदलते ते स्त्रीचेच. कायदा वरून तटस्थ दिसावा आणि समाजाची सारी विषमता त्याच्या आडून निमूट काम करीत राहावी, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. फुकुशिमा आणि त्यांचे सहचर, अणुऊर्जेविरुद्धच्या खटल्यांसाठी प्रसिद्ध असलेले वकील युइची काइदो, यांनी सहजीवन स्वीकारले, पण विवाहाची नोंद केली नाही.

याच काळात युद्धकालीन अत्याचाराचा प्रश्न न्यायालयापुढे आला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये किम हाक-सुन या कोरियन वृद्धेने जपानी सैन्याच्या वेश्यागृहांत आपल्यावर काय गुदरले ते उघडपणे सांगितले, आणि डिसेंबरात तिने व इतरांनी टोकियोच्या न्यायालयात जपान सरकारविरुद्ध दावा लावला. वादींच्या वकिलांमध्ये फुकुशिमा होत्या. आपल्याच राष्ट्राच्या गुन्ह्याविरुद्ध परदेशी स्त्रीच्या बाजूने उभे राहणे हे जपानमध्ये सोपे काम नव्हते. त्याबद्दलची शिवीगाळ त्यांच्या वाट्याला पुढे कित्येक वर्षे येत राहिली. किम हाक-सुन १९९७ मध्ये वारल्या. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा अखेरचा फेटाळला.

येथे वकिलीची मर्यादा दिसते. न्यायालय आहे तो कायदा लावते. कायद्यातच न्याय नसेल तर उत्तम वकीलही अशिलाच्या हाती फार तर एक आदरयुक्त पराभव ठेवू शकतो. कायदा बदलायचा तर कायदा होतो त्या ठिकाणी जावे लागते.

दोई यांचे बोलावणे

त्या ठिकाणी त्यांना बोलावले ते ताकाको दोई यांनी. दोई स्वतः घटनाशास्त्राच्या अध्यापिका. १९६९ मध्ये त्या संसदेत आल्या आणि १९८६ मध्ये समाजवादी पक्षाच्या अध्यक्ष झाल्या; जपानमधील मोठ्या पक्षाचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९८९ मध्ये तीन टक्के उपभोगकराविरुद्ध गृहिणींचा संताप उसळला होता आणि लाचलुचपतीच्या प्रकरणांनी सरकार बदनाम झाले होते. त्या वर्षीच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत दोईंच्या पक्षाने ४६ जागा जिंकल्या, परंपरावाद्यांचे बहुमत गेले आणि २२ स्त्रिया निवडून आल्या.

या पक्षाशी भारतीय समाजवाद्यांचेही जुने नाते आहे. १९५३ च्या जानेवारीत रंगून येथे आशियाई समाजवादी परिषद भरली, तेव्हा भारतीय प्रतिनिधींच्या बरोबरीने जपानचे डावे आणि उजवे असे दोन्ही समाजवादी गट तेथे उपस्थित होते. त्यानंतर दोन वर्षांनी जपानी समाजवादी एकत्र आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात डॉ. लोहियांनी वेगळा पक्ष काढला. फूट आणि ऐक्य या शब्दांचे अर्थ भारतीय समाजवाद्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाहीत.

फुकुशिमा १९९८ साली पक्षाच्या राष्ट्रीय यादीतून वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या. जपानमध्ये उमेदवारास तीन गोष्टी लागतात असे म्हणतात : पक्की मतदारसंघटना, वजनदार नाव आणि पैशांची थैली. सत्ताधारी पक्षात या तिन्ही गोष्टी बापाकडून मुलाकडे जातात. फुकुशिमा यांच्यापाशी तिन्हींपैकी एकही नव्हती. होते ते वकिलीतले काम आणि त्या कामातून जोडलेली माणसे.

संसदेतील त्यांच्या प्रारंभीच्या कामांपैकी महत्त्वाचे म्हणजे २००१ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. हा कायदा सरकारने आणलेला नव्हता. वरिष्ठ सभागृहातील वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांनी, मुख्यतः स्त्रियांनी, एकत्र बसून त्याचा मसुदा केला. त्या गटात फुकुशिमा होत्या. नवऱ्याने बायकोला मारणे ही घरातली बाब, पोलिसांनी तिच्यात पडू नये, ही समजूत त्या कायद्याने मोडली. मारहाण करणाऱ्यास दूर ठेवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. पूर्वी ज्या स्त्रियांची बाजू वकील म्हणून एकेक करून मांडावी लागे, त्या सर्वांच्या हाती एक हत्यार आले.

दोन समाजवादी, दोन निर्णय

फुकुशिमा पक्षात आल्या तेव्हा त्याचे वैभव ओसरले होते. त्याचे कारण १९९४ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये समाजवादी पक्षाचे तोमिइची मुरायामा पंतप्रधान झाले, ते ज्या परंपरावादी पक्षाशी जन्मभर झगडले त्याच पक्षाच्या पाठिंब्यावर. पंतप्रधान होताच त्यांनी लष्कर घटनासंमत असल्याचे आणि अमेरिकेशी असलेला सुरक्षा-करार आवश्यक असल्याचे मान्य केले. ज्या दोन प्रश्नांवर पक्षाने चाळीस वर्षे रान उठवले होते, तेच सोडून दिले गेले.

मुरायामांवर अन्याय होऊ नये. २०२५ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तलेल्या या प्रामाणिक गृहस्थाच्या कारकिर्दीत अणुबाँबग्रस्तांच्या साहाय्याचा कायदा झाला, मिनामाता येथील पारा-विषबाधेच्या रुग्णांचा रेंगाळलेला प्रश्न पुष्कळसा मिटला आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी जपानने आशियावर केलेल्या आक्रमणाबद्दल स्पष्ट शब्दांत क्षमा मागितली. सत्ता घेतली नसती तर हे झाले नसते. पण मतदाराने हिशेब वेगळा केला. १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहात १३६ जागा असलेला पक्ष १९९३ मध्ये ७० वर आला होता. १९९६ मध्ये, नाव बदलून आणि पुन्हा फुटून, तो १५ वर आला. २००३ मध्ये ६ जागा उरल्या, दोईंनी अध्यक्षपद सोडले आणि ते फुकुशिमा यांच्याकडे आले.

२००९ च्या निवडणुकीत परंपरावाद्यांचा मोठा पराभव झाला आणि हातोयामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने फुकुशिमा यांच्या पक्षाला सोबत घेऊन सरकार बनवले. हातोयामांनी ओकिनावाच्या जनतेला सांगितले होते की फुतेन्माचा तळ निदान प्रांताबाहेर तरी नेऊ. ओकिनावा हे जपानच्या भूमीच्या केवळ ०.६ टक्के, पण जपानमध्ये अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असलेल्या लष्करी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तेथे आहे. १९४५ च्या लढाईत या बेटाची राख झाली, १९७२ पर्यंत ते अमेरिकेच्या अमलाखाली राहिले. १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा उसळलेल्या निषेधामुळे १९९६ मध्ये फुतेन्माचा तळ परत करण्याचे ठरले. मात्र त्याच्या बदल्यात ओकिनावातच दुसरी जागा द्यावयाची होती. गिनोवान शहराच्या मध्यभागी असलेल्या या तळावरचे एक हेलिकॉप्टर २००४ मध्ये शेजारच्या विद्यापीठाच्या आवारात कोसळले.

आठ महिन्यांत हातोयामांचा निर्धार गळाला. मे २०१० मध्ये अमेरिकेशी झालेल्या संयुक्त निवेदनात नवा तळ ओकिनावातीलच हेनोको येथे, समुद्रात भराव घालून, बांधण्याचे मान्य केले गेले. जपानमध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. प्रत्येक मंत्र्याची सही त्यावर लागते. एक मंत्री नाकारील तर पंतप्रधानापुढे दोनच मार्ग : निर्णय सोडणे किंवा मंत्र्याला काढणे. हातोयामांनी दुसरा मार्ग घेतला. फुकुशिमा यांनी राजीनामा देऊन पंतप्रधानांची सोयही केली नाही. शब्द मोडणाऱ्याने शब्द पाळणाऱ्याला काढावे आणि ते जगाने पाहावे, एवढे त्यांनी साधले.

मुरायामांनी सही केली आणि पक्ष आटला. फुकुशिमा यांनी सही केली नाही, तरीही पक्ष आटला. तेव्हा तत्त्व पाळले काय आणि सोडले काय, फळ एकच, असा निष्कर्ष घाईने काढला जाण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे.

पक्ष का आटला

आटण्याचे मूळ अन्यत्र आहे. जपानी समाजवादी पक्ष उभा होता तो सोह्यो या कामगार महासंघाच्या खांद्यावर. १९५० मध्ये स्थापन झालेला, रेल्वे, टपाल, शिक्षक, नगरपालिका यांच्या संघटनांचा हा महासंघ पक्षाला पैसा, कार्यकर्ते आणि मते पुरवीत असे. पक्षाला स्वतःच्या शाखा वाढवण्याची गरज वाटली नाही. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे खासगीकरण झाले, तिची लढाऊ संघटना मोडली गेली आणि १९८९ मध्ये सोह्यो विसर्जित होऊन नव्या मवाळ महासंघात मिसळला. दोईंचा मोठा विजय आणि सोह्योचा शेवट एकाच वर्षातले, हे ध्यानात घेतले पाहिजे. लाट आली त्याच वर्षी पाया खचला. लाटेवर निवडून आलेल्या स्त्रियांना गावोगावच्या संघटनेत बांधून ठेवण्याचे काम झाले नाही. पुढे कंत्राटी आणि तात्पुरत्या कामगारांचा मोठा वर्ग निर्माण झाला. २००८-०९ च्या हिवाळ्यात नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही गमावलेल्या अशा कामगारांसाठी टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू टाकावे लागले. या वर्गाची स्वतःची बलाढ्य संघटना समाजवादी पक्षाला उभारता आली नाही. ही उणीव फुकुशिमा यांच्या नेतृत्वाच्या खात्यावरही मांडावी लागेल. संसदेतील त्यांचा आवाज जितका धारदार होता, तितका पक्षाचा पाया त्यांच्या काळात रुंदावला नाही.

२०१३ मध्ये निवडणुकीतील अपयशानंतर त्यांनी अध्यक्षपद सोडले. २०२० मध्ये ते पुन्हा त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पक्षाच्या अधिवेशनाने, मोठ्या विरोधी पक्षात जाऊ इच्छिणाऱ्यांना वाट मोकळी करून दिली. चार खासदारांपैकी दोघे गेले. फुकुशिमा राहिल्या. जपानी कायद्याने पाच खासदार किंवा राष्ट्रीय निवडणुकीत दोन टक्के मते असल्याशिवाय पक्षाला मान्यतेचे लाभ मिळत नाहीत. २०२२ मध्ये ही रेषा ओलांडता येईल की नाही याची सर्वांना शंका होती. पक्षाला साडेबारा लाखांच्या आसपास मते पडली, २.३७ टक्के, आणि फुकुशिमा पाचव्यांदा निवडून आल्या. २०२५ च्या निवडणुकीतही पक्षाने ती रेषा निसटती का होईना, ओलांडली.

नकाराचे मोल

मग त्या न केलेल्या सहीने काय मिळवले? ओकिनावाच्या जनतेला एवढे कळले की टोकियोच्या मंत्रिमंडळात निदान एका व्यक्तीने दिलेला शब्द पाळला. त्याने तळ थांबला नाही. २०१८ च्या डिसेंबरात हेनोकोच्या समुद्रात भराव पडू लागला. पण २०१९ च्या प्रांतिक जनमतचाचणीत सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्या भरावाला विरोध नोंदवला, आणि २०२१ मध्ये ओकिनावाच्याच मतदारसंघातून समाजवाद्यांचा एक उमेदवार कनिष्ठ सभागृहात गेला. विश्वास टिकला तो तेथे, जेथे नकार दिला गेला होता.

आडनावाच्या प्रश्नातही तीच शिकवण आहे. १९९६ मध्ये सरकारच्याच विधिविषयक सल्लागार मंडळाने पतिपत्नींना स्वतंत्र आडनावे ठेवण्याची मुभा देण्याची शिफारस केली. ती बासनात पडली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचा कायदा घटनेविरुद्ध नसल्याचे सांगितले आणि बदल करायचा तर तो संसदेने करावा असे म्हटले; तिन्ही स्त्री-न्यायाधीशांचे मत मात्र विरुद्ध पडले. २०२१ मध्ये न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले. न्यायालय संसदेकडे बोट दाखवते आणि संसद स्वस्थ बसते. उलट, विवाहबाह्य अपत्याला वारसाहक्कात निम्माच वाटा देणारी तरतूद संसदेने वर्षानुवर्षे हलवली नाही, ती २०१३ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. दोन दरवाजे आहेत. एक बंद झाला तर दुसऱ्यावर थाप मारीत राहावे लागते, आणि दोन्हीकडे थाप मारणारी माणसे तयार ठेवावी लागतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात जपानला साने ताकाइची यांच्या रूपाने पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली. त्या परंपरावादी पक्षाच्या, आणि पतिपत्नींच्या वेगळ्या आडनावांच्या विरोधक. स्त्री सर्वोच्च पदी बसली म्हणजे स्त्रीचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. पदावर कोण बसले याइतकेच, ते पद कोणाच्या बाजूने वापरले जाते हे महत्त्वाचे असते.

सत्तेला विटाळ मानणे हा समाजवाद नव्हे. फुकुशिमा सरकारात गेल्या, खाती घेतली, कामे केली. सोवळे पाळण्यासाठी त्या बाहेर बसल्या नाहीत. कोणती तडजोड करता येते आणि कोणती करता येत नाही, याची रेघ मात्र त्यांनी आत जाण्यापूर्वीच आखलेली होती, आणि ती वेळ आली तेव्हा ती पुसली नाही. मुरायामांच्या पक्षाने रेघ सत्तेत गेल्यावर बदलली, आणि तीही कार्यकर्त्यांना पुरते विश्वासात न घेता. दोन प्रसंगांतला भेद हा आहे.

नकार पक्षाचे नाव राखतो. पक्ष वाढवतो ते संघटनेचे काम. नाव राखले नाही तर संघटनेला उभे राहण्यास जमीन उरत नाही, आणि संघटना केली नाही तर राखलेले नाव चार भल्या माणसांच्या आठवणीपुरते राहते. जपानी समाजवाद्यांच्या इतिहासात यांतली पहिली चूक १९९४ मध्ये झाली, दुसरी त्याच्या कितीतरी आधीपासून रोज थोडी थोडी होत होती. ज्यांना पुढे कधीतरी एखाद्या कागदावर सही नाकारावी लागणार आहे, त्यांनी त्या दिवसाची तयारी आजच आपल्या वस्तीत, आपल्या कामगारांत आणि आपल्या गावातल्या स्त्रियांत सुरू केलेली बरी.